जत्रेतलं चित्रीकरण घरच्या टीव्हीवर: व्हिडिओ फाइल लहान कशी करावी, बदलावी कशी

गणपतीतली आरती, शिमग्यातली पालखी किंवा जत्रेतला दशावतार मोबाइलवर टिपायचा, पेन ड्राइव्हवर घालायचा आणि घरी टीव्हीला लावायचा, एवढंच काम असतं. पण टीव्ही ऐकत नाही. कधी यादीत फाइलच दिसत नाही. कधी दिसते, पण दाबली की 'फॉरमॅट नॉट सपोर्टेड'. कधी चित्र चालतं, आवाज नाही. आणि सगळ्यात त्रासदायक प्रकार असा की पहिली दहा मिनिटं सगळं ठीक चालतं आणि तासाभराने पखवाजाची थाप आधी ऐकू येते, हात मागून पडतो.

या चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. सगळ्यांवर एकच उपाय म्हणून मिळेल तो कन्व्हर्टर लावला, तर रात्रभर कॉम्प्युटर तापतो आणि सकाळी फाइल तेवढीच निकामी, शिवाय चित्र आधीपेक्षा धुरकट. म्हणून या लेखातला क्रम मोडू नका: आधी फाइलमध्ये काय आहे ते बघायचं, मग आपला प्लेअर काय वाचतो ते ठरवायचं, दोन मिनिटांचा तुकडा करून तो खऱ्या टीव्हीवर लावून बघायचा आणि मगच पूर्ण फाइल करायची.

डबा वेगळा, आतला जिन्नस वेगळा

फाइलच्या नावामागचं एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय किंवा एमओव्ही हे फक्त डब्याचं नाव आहे. या डब्याला कंटेनर म्हणतात. आतलं चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ती पद्धत म्हणजे कोडेक, आणि आवाजाचा कोडेक आणखी वेगळा. एकसारख्या दोन स्टीलच्या डब्यांत एकात आमसुलं आणि दुसऱ्यात सुके बांगडे असू शकतात, तसंच हे. 'माझा टीव्ही एमपी४ चालवतो' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

आज भेटणारे चित्राचे कोडेक मुख्यतः चार. डीव्हीडीवरचा एमपीईजी-२. जुन्या एव्हीआय फाइलींतला एमपीईजी-४, ज्याला लोक डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड म्हणून ओळखतात. २००३ साली आलेला एच.२६४, ज्याचं दुसरं नाव एव्हीसी. आणि २०१३ साली आलेला एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी. अलीकडचे बरेच मोबाइल जागा वाचवायला एचईव्हीसीत चित्रीकरण करतात, आणि दहा-बारा वर्षं जुन्या टीव्हीला तो बहुधा कळत नाही. मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या नव्या फोनमधली फाइल गावच्या टीव्हीवर न चालण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

तपासायचं कसं? कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडा आणि 'टूल्स' मेनूतलं 'कोडेक इन्फॉर्मेशन' बघा. त्याहून नेमकी माहिती मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम देतो. त्यात सहा गोष्टी कागदावर उतरवून घ्या: कंटेनर, चित्राचा कोडेक, लांबी-रुंदी, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) आणि तो 'कॉन्स्टंट' (एकसारखा) आहे की 'व्हेरिएबल' (बदलता), बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक) ८ की १०, आणि आवाजाचा कोडेक. पुढचे सगळे निर्णय या सहा नोंदींवरून होतात.

व्हीएलसीत फाइल चालते म्हणजे फाइल चांगली आहे, एवढंच सिद्ध होतं. व्हीएलसी जवळपास काहीही चालवतो. टीव्हीतली चिप मात्र ठरावीक कोडेकांसाठीच बनवलेली असते आणि तिला नवा कोडेक शिकवता येत नाही.

तुमचा प्लेअर कोणत्या पिढीचा

टीव्हीसोबत आलेलं माहितीपत्रक हरवलं असेल तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक इंटरनेटवर शोधा. त्यात यूएसबीवर चालणाऱ्या फाइलींचा तक्ता असतो. तोही मिळाला नाही, तर ढोबळमानाने तीन पिढ्या धरा.

फोर-के टीव्ही असेल तर एच.२६४ आणि एचईव्हीसी दोन्ही चालतात. अशा टीव्हीसाठी बहुतेक वेळा फाइल बदलावीच लागत नाही, फारतर आकार कमी करावा लागतो.

साधा एलईडी टीव्ही किंवा टीव्हीला जोडायचा छोटा मीडिया प्लेअर असेल तर एच.२६४, जास्तीत जास्त १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम, ८ बिट, आवाज एएसी या कोडेकात. गावाकडच्या बहुतेक घरांत हीच पिढी आहे. शंका असेल तेव्हा हेच माप धरा, कारण नव्या टीव्हीवरही ते निमूट चालतं. भावकीत पाच घरांत पाच तऱ्हेचे टीव्ही असतील आणि सगळ्यांना एकच फाइल द्यायची असेल, तर दुसरा विचारच करू नका.

तिसरी पिढी यूएसबीचं तोंड असलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरची. तिचं सगळंच वेगळं आहे, ते शेवटाकडे पाहू.

मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल आधीच एकदा दाबलेली असते. तिच्यातून गेलेला तपशील कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही. पुन्हा दाबली की ती आणखी खराब होते. ज्याने चित्रीकरण केलं त्याच्या फोनमधून केबलने फाइल घ्या. तो मुंबईला परत गेला असेल तर त्याला व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल आहे तशी येते. एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी चढवून दुवा मागवा.

आणि मूळ फाइल पुसू नका. पाच वर्षांनी टीव्ही बदलेल, तेव्हा पुन्हा मुळापासून नवी प्रत करता आली पाहिजे.

कधीकधी पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे चित्र नव्याने दाबून भरायची, गरजच नसते. आत एच.२६४ आणि एएसीच आहे, फक्त डबा एमओव्ही किंवा एमकेव्हीचा आहे आणि टीव्हीला तो डबा उघडता येत नाही, असं असेल तर लॉसलेसकट या मोफत प्रोग्राममध्ये फाइल ओढून आणा, बाहेर पडणारा फॉरमॅट एमपी४ निवडा आणि एक्स्पोर्ट करा. चित्राला हात न लावता नुसता डबा बदलतो. तासाभराची फाइल काही मिनिटांत होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. मीडियाइन्फोची नोंद आधी करायची ती यासाठीच.

हँडब्रेकमध्ये कृती

पुन्हा एन्कोड करायला हँडब्रेक वापरा. तो मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि फाइलवर कुठलाही शिक्का मारत नाही. मोफत म्हणवणारे काही कन्व्हर्टर चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापतात. दोन तास वाट पाहिल्यावर ते कळतं.

१. फाइल हँडब्रेकच्या खिडकीत ओढून सोडा. 'प्रिसेट्स'मधून 'फास्ट १०८०पी३०' निवडा. मूळ चित्रीकरण रात्रीचं, दाणेदार असेल किंवा टीव्ही ३२ इंची असेल, तर 'फास्ट ७२०पी३०' घ्या. ३२ इंची टीव्हीवर आठ-दहा फुटांवरून १०८० आणि ७२० यांतला फरक फारसा जाणवत नाही. आकारातला फरक मात्र भरपूर असतो.

२. 'समरी'मध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवा.

३. 'डायमेन्शन्स'मध्ये जा. इथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. हँडब्रेक कडेच्या काळ्या पट्ट्या आपोआप कापतो. दिवसाच्या चित्रात ते ठीक आहे. पण रात्रीच्या रंगमंचावर कडेचा काळोख त्याला पट्टीच वाटते आणि विंगेतून येणारं पात्र अर्धं कापलं जातं. म्हणून 'क्रॉपिंग' 'नन' करा. 'अलाऊ अपस्केलिंग' बंद ठेवा. लहान चित्र ताणून १०८० केल्याने तपशील वाढत नाही, फक्त फाइल फुगते. चित्र आडवं पडलेलं दिसत असेल तर इथेच 'रोटेशन'मधून ९० किंवा २७० अंश फिरवा. फोन खरं तर चित्र फिरवत नाही, 'हे फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी फाइलला जोडतो, आणि बरेच जुने टीव्ही ती चिठ्ठी वाचत नाहीत.

४. 'व्हिडिओ'मध्ये एन्कोडर 'एच.२६४ एक्स२६४' निवडा. शेजारी '१० बिट' लिहिलेला निवडू नका, कारण दहा बिटांचं एच.२६४ टीव्हीच्या चिपला सहसा उलगडत नाही. 'फ्रेमरेट' ३० करा आणि त्याखालचं 'कॉन्स्टंट' निवडा. थाप आणि हात यांची फारकत इथे मिटते. उजेड कमी झाला की फोन फ्रेमरेट आपोआप खाली आणतो, म्हणजे एका सेकंदात ३० फ्रेम, दुसऱ्यात २४. कॉम्प्युटर हा हिशोब सांभाळतो. बऱ्याच टीव्ही-प्लेअरना तो सांभाळता येत नाही आणि आवाज हळूहळू पुढेमागे सरकतो. फ्रेमरेट एकसारखा बांधून दिला की सरकायला कारण उरत नाही. मूळ चित्रीकरण २५ फ्रेमचं असेल तर मात्र इथे २५ ठेवा. पंचविसाचे तीस केले की प्रत्येक सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दिसतात आणि हालचाल अडखळते.

५. त्याच पानावर 'कॉन्स्टंट क्वालिटी'चा सरकता खुंटा आहे, त्याला आरएफ म्हणतात. आकडा लहान तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी. १०८०पीसाठी २२, ७२०पीसाठी २१ ही चांगली सुरुवात. आकडा साधारण ६ने वाढवला की फाइल निम्मी होते, ६ने घटवला की दुप्पट. १८च्या खाली जाण्यात अर्थ नाही.

६. 'एन्कोडर प्रिसेट' 'फास्ट' किंवा 'मीडियम'. 'प्रोफाइल' हाय, 'लेव्हल' ४.०. लेव्हल 'ऑटो'वरच ठेवून 'व्हेरी स्लो'सारखा प्रिसेट लावला, तर एन्कोडर एकेक फ्रेम बांधताना आधीच्या बऱ्याच फ्रेमचा आधार घेतो. तेवढ्या फ्रेम जुन्या टीव्हीच्या मेमरीत मावत नाहीत आणि चित्र हिरवं होतं, चौकोन पडतात किंवा गोठतं. ४.० हा आकडा त्याला आवर घालतो.

७. 'ऑडिओ'मध्ये एएसी, स्टिरिओ, १६० केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ. 'चित्र आहे, आवाज नाही' ही तक्रार बहुधा डीटीएससारख्या कोडेकामुळे येते, कारण तो अनेक टीव्ही वाचत नाहीत. आवाज मुळात हळू असेल तर 'गेन' ४ ते ६ डेसिबल वाढवा. ढोल फोनच्या अगदी जवळ असल्याने आवाज फाटला असेल तर तो फाटलेलाच राहणार. तिथे एन्कोडिंगचा इलाज चालत नाही.

८. 'रेंज' 'सेकंड्स' करून दोन मिनिटांचा तुकडा निवडा आणि 'स्टार्ट एन्कोड' दाबा. तुकडा फाइलमधल्या सगळ्यात अवघड जागेचा घ्या: काळोख जास्त, हालचाल जास्त. दशावतारात युद्धाचा प्रसंग घ्यावा, पालखीत ती खेळवतात ती मिनिटं. सुरुवातीच्या स्थिर चित्रावर केलेली चाचणी फसवते.

तो तुकडा पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीवर बघा. चित्र, आवाज, पुढेमागे करणं, तिन्ही तपासा. पटलं तर रेंज पूर्ण करून रांगेत लावा.

रात्रीच्या चित्रीकरणाचं वेगळं प्रकरण

दक्षिण कोकणातल्या जत्रांतला दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. उजेड रंगमंचावर, बाकी सगळा काळोख. अशा वेळी फोन प्रकाशासाठी संवेदनक्षमता वाढवतो आणि चित्रभर मुंग्यांसारखे दाणे वळवळू लागतात. या दाण्यांना नॉइज म्हणतात. ते नुसते कुरूप दिसतात एवढंच नाही, एन्कोडिंगचं सगळं गणित तेच बिघडवतात.

एच.२६४ जागा वाचवतो तो मुख्यतः एका युक्तीने: या फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहायचं. मागचा पडदा स्थिर असेल तर त्याच्यासाठी जवळपास काही लिहावं लागत नाही. पण पडद्यावर दाणे वळवळत असतील तर एन्कोडरच्या दृष्टीने पडदा प्रत्येक फ्रेमला नवा आहे. म्हणून त्याच आरएफला रात्रीच्या चित्रीकरणाची फाइल दिवसाच्या कित्येक पट भरते. मग लोक आरएफ २८वर नेतात, फाइल लहान होते, आणि संकासुराच्या काळ्या वेषाचा नुसता चौकोनी ठोकळा उरतो.

योग्य क्रम असा. पहिलं, १०८०चं चित्र ७२०वर आणा. मुळातले सव्वादोन पिक्सेल मिळून एक पिक्सेल होतो, दाणे एकमेकांत मिसळून आपोआप निवतात. निम्मं काम इथेच होतं. त्यानंतरही दाणे दिसत असतील तर 'फिल्टर्स'मध्ये 'डीनॉइज' उघडा. तिथे दोन पर्याय आहेत. 'एचक्यूडीएन३डी' हलका आणि वेगवान. 'एनएलमीन्स' जास्त चांगला, पण जुन्या लॅपटॉपवर कामाचा वेळ कित्येक पट वाढवणारा. दोन्हींत 'अल्ट्रालाइट' किंवा 'लाइट' यापलीकडे जाऊ नका. 'स्ट्राँग' लावला की दाण्यांबरोबर रंगभूषेच्या रेषा, जरीची किनार, मुकुटावरचं काम सगळं पुसलं जातं आणि चेहरा मेणाचा दिसतो. त्या माणसाने दोन तास बसून तो चेहरा रंगवलेला असतो. थोडे दाणे राहिले तर चालतील, चेहरा राहिला पाहिजे.

काळ्या पडद्यावर पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागले तर आरएफ २ने कमी करा, म्हणजे २१चा १९. पट्टे म्हणजे काळोखाच्या बारीक छटांसाठी एन्कोडरने जागा दिली नाही, एवढाच अर्थ.

नव्या फोनांतून येणारी आणखी एक अडचण म्हणजे एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारं चित्रीकरण. फोनवर रंग झगझगीत, टीव्हीवर मात्र राखेसारखे फिके. मीडियाइन्फोत बिट डेप्थ १० आणि रंगाच्या ओळीत बीटी.२०२० दिसलं, तर हेच कारण. 'फिल्टर्स'मधला 'कलरस्पेस' बीटी.७०९ करून दोन मिनिटांचा तुकडा पाहता येतो. पण खरा उपाय चित्रीकरणाआधीचा आहे. फोनच्या कॅमेऱ्यात एचडीआर व्हिडिओ बंद करा, रेझोल्यूशन १०८०, फ्रेमरेट ३०, आणि कोडेक निवडता येत असेल तर एच.२६४. जत्रेला निघण्याआधी दोन मिनिटांचं हे काम केलं तर नंतरचं अर्धं ओझं कमी होतं.

कॅमकॉर्डरचं आणि टेपवरचं चित्र

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांकडच्या जुन्या कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइली आणि व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली यांत चित्र इंटरलेस्ड असतं. एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकाआड एक विणलेल्या असतात. हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, ती याची खूण. 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' खाली 'बीडब्ल्यूडीआयएफ' किंवा 'यॅडिफ' निवडा. हे न करता चित्र लहान केलं तर कंगव्याचे दात कायमचे चित्रात शिजतात आणि नंतर काढता येत नाहीत.

नमन किंवा जाखडीसारखा पायांचा वेगवान नाच असेल तर त्याच फिल्टरचा 'बॉब' पर्याय वापरा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. सेकंदाचे पन्नासही क्षण वेगळे निघतात आणि पावलं लोण्यासारखी सरकतात. मात्र त्यासाठी मोठेपणा ७२०पीच ठेवा. १०८०पीला ५० फ्रेम म्हणजे लेव्हल ४.२ लागते आणि जुने टीव्ही तिथे अडतात. ७२०पी५० लेव्हल ४.०मध्ये सहज बसतं.

कॅसेटवरून उतरवलेली फाइल ७२० बाय ५७६ची असते, तिचे पिक्सेल चौकोनी नसतात. टीव्हीवर माणसं बुटकी किंवा ताणलेली दिसली तर 'अॅनामॉर्फिक' 'नन' करून माप ७६८ बाय ५७६ लिहा. चार-तीनचं जुनं चित्र पूर्ण पडदा भरायला ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी पूड दिसत असेल तर ती आपल्या दमट हवेची बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते.

आकार आणि पेन ड्राइव्ह

आरएफने दर्जा ठरतो, आकार नाही. आकार नेमका हवा असेल तर 'अॅव्हरेज बिटरेट' निवडा आणि 'मल्टी-पास' चालू करा. गणित सोपं आहे: चित्र आणि आवाज यांचा एकूण बिटरेट केबीपीएसमध्ये (सेकंदाला लागणारे किलोबिट), गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे किलोबाइट. तीन तासांच्या लग्नाचे १०८०० सेकंद. चित्राला २८०० आणि आवाजाला १६० दिले तर २९६० गुणिले १०८०० भागिले ८, म्हणजे ४ जीबीला थोडे कमी.

हा ४ जीबीचा आकडा महत्त्वाचा आहे. जुने टीव्ही फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हच वाचतात, आणि फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा, नेमकं सांगायचं तर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ बाइटांपेक्षा, मोठी असू शकत नाही. 'ड्राइव्हवर जागा आहे तरी कॉपी होत नाही' याचं कारण हे. नवे टीव्ही एनटीएफएस आणि एक्सफॅट वाचतात. नक्की माहीत नसेल तर ३२ जीबीचा ड्राइव्ह फॅट३२ करून घ्या आणि फाइली ४ जीबीच्या आत ठेवा.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, आखूड आणि सुरुवातीला ०१, ०२ असा क्रमांक इंग्रजी अंकांत. देवनागरी नावांच्या जागी काही प्लेअर नुसते चौकोन दाखवतात. ड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' करूनच काढा. टीव्हीच्या यूएसबी तोंडातून येणारी वीज बेताची असते, त्यामुळे पोर्टेबल हार्ड डिस्क तिथे टकटक आवाज करून बंद पडू शकते. पेन ड्राइव्हला ही अडचण नाही.

वीज गेली तर

पावसाळ्यात हा विषय टाळता येत नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एन्कोडिंग संपताना लिहिली जाते. ९५ टक्क्यांवर वीज गेली तरी उरते ती अनुक्रमणिका नसलेली फाइल, आणि ती कुठेच चालत नाही. हँडब्रेक पुन्हा उघडल्यावर रांग परत देतो, पण ती फाइल पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून लांब काम तुकड्यांत करा. सहा तासांचा दशावतार 'रेंज'मधून तासातासाच्या सहा फाइलींत लावा: ० ते ३६०० सेकंद, ३६०० ते ७२०० असं पुढे. वीज गेली तर एकाच तुकड्याचं नुकसान. बघायलाही ते बरं पडतं. घरचा इन्व्हर्टर असला तरी वीज पलटताना डेस्कटॉप बंद पडू शकतो, त्याला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर तीच यूपीएस.

वेळेचा अंदाज चाचणीच्या तुकड्यावरूनच घ्या. हँडब्रेक खाली सेकंदाला किती फ्रेम होतायत ते दाखवतो. सहा तासांचं, ३० फ्रेमचं चित्रीकरण म्हणजे ६ लाख ४८ हजार फ्रेम. आकडा १५ दिसत असेल तर बारा तास लागणार, ६० असेल तर तीन. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी मोकळी राहील असा लाकडी टेबलावर ठेवा. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि बारा तासांचे अठरा होतात. ग्राफिक कार्डाचा एन्कोडर, म्हणजे एनव्हीएन्क किंवा क्यूएसव्ही, बराच वेगवान असतो, पण त्याच आकारात चित्र थोडं कमी उतरतं. दिवसाच्या चित्राला तो चालेल, रात्रीच्या दाणेदार चित्राला एक्स२६४च घ्या.

जुना डीव्हीडी प्लेअर

यूएसबी असलेल्या आणि पुढे 'डिव्हएक्स' लिहिलेल्या प्लेअरला एच.२६४ कळत नाही. त्याला एव्हीआय डबा, आत एक्सव्हिड आणि एमपी३ आवाज लागतो. हँडब्रेक एव्हीआय करत नाही, त्यासाठी अॅव्हिडेमक्स घ्या. चित्राला 'एमपीईजी-४ एएसपी' म्हणजे एक्सव्हिड, रुंद चित्राला ७२० बाय ४००, चार-तीनला ६४० बाय ४८०, बिटरेट १५००, आवाज एमपी३ १२८ केबीपीएस. 'क्वार्टर पिक्सेल' आणि 'जीएमसी' बंद. ही दोन चालू राहिली की चित्र तुटतं किंवा प्लेअर फाइल नाकारतो.

यूएसबी नसेल तर डीव्हीडीच करावी लागते. डीव्हीडीस्टायलर हा मोफत प्रोग्राम फाइली घेऊन मेनूसकट डिस्क तयार करतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांपेक्षा जास्त भरू नका. दोन तासांना चित्राला साधारण ४७०० केबीपीएस मिळतात, सहा तास कोंबले तर दीड हजारच्या आसपास, आणि तेवढ्यात एमपीईजी-२चं चित्र विरघळतं. आपल्याकडची पद्धत पाल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. पण फोनचं ३० फ्रेमचं चित्र पालमध्ये बसवताना प्रत्येक सेकंदाला पाच फ्रेम गाळाव्या लागतात आणि पालखी झटके देत सरकते. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या ३० फ्रेमच्या पद्धतीच्या, डिस्कही वाचतात, म्हणून फोनच्या चित्रीकरणाला एनटीएससी निवडून बघा. चाचणी री-रायटेबल डिस्कवर करा. अंतिम डिस्क ४ एक्स किंवा ८ एक्स वेगाने जाळा.

तरीही चाललं नाही तर

यादीत फाइल नाहीच: पेन ड्राइव्हचं फॉरमॅट बघा, मग नावाचा शेवट एमपी४ आहे का ते.

दिसते पण नाकारली जाते: बिट डेप्थ १० राहिलंय का, लेव्हल ४.०च्या वर गेलीय का, हे बाहेर पडलेल्या फाइलवर मीडियाइन्फोने तपासा.

अधूनमधून अडकते: त्या जागी बिटरेट उसळलाय किंवा पेन ड्राइव्ह मंद आहे. आधी दुसरा ड्राइव्ह लावून बघा, मग आरएफ २ने वाढवा.

मराठी सबटायटल मोडकी दिसतात, वेलांट्या सुट्या पडतात: टीव्हीच्या फाँटला जोडाक्षरं जमत नाहीत. एसआरटी फाइल यूटीएफ-८मध्ये ठेवून हँडब्रेकच्या 'सबटायटल्स'मध्ये 'बर्न इन' करा, अक्षरं चित्राचाच भाग होतात.

आवाज सरकतो: दोन मिनिटांच्या तुकड्यात हे कळत नाही. पूर्ण फाइल झाली की टीव्हीवर थेट शेवटच्या पाच मिनिटांवर जा आणि पखवाजवाल्याचे हात बघा. तिथे थाप जुळली तर मधली फाइलही जुळलेली आहे.